चार प्लग आणि वरोऱ्याचे पाहुणे

आमच्या घरी गाडी आली तेव्हा तिला उभी करायला गोठ्याशिवाय दुसरी जागा नव्हती. माजरीच्या कोळसा खाणीतले एक साहेब बदली होऊन दूर कुठेतरी चालले होते आणि गाडी बरोबर नेणं त्यांच्या जिवावर आलं होतं. बाबा त्यांना वर्षाचा तांदूळ पोचवायचे. त्या ओळखीवर एके दिवशी बाबा तांदूळ घेऊन गेले आणि गाडी घेऊन आले. मळकट पांढरा रंग, मागच्या काचेला पडदा, आणि आत अजूनही साहेबांच्या सिगारेटचा वास. गोठ्याच्या एका अंगाला बैलजोडी, दुसऱ्या अंगाला गाडी आणि मध्ये धानाच्या तणसाचा ढीग, अशी व्यवस्था लागली. बैल दोन दिवस बिचकले, मग त्यांनी गाडीकडे पाहणं सोडून दिलं. कोंबड्यांना मात्र ती फार आवडली. मागच्या सीटची शिवण उसवलेली होती, तिथे त्या अंडी घालू लागल्या आणि माय सकाळी टोपली घेऊन गाडीचं दार उघडायची. पोंभुर्ण्यापासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात ही एकमेव गाडी, आणि गावातल्या एकमेव गाडीचा पहिला नियमित उपयोग हा असा होता.

बाबांची धान भरडायची गिरणी होती. दिवसभर तिचा ठकठकाट ऐकत आम्ही जेवलो, झोपलो, अभ्यास केला. गिरणी बंद पडली की कान दुखल्यासारखं व्हायचं. ते इंजिन बाबा डोळे मिटून उघडायचे आणि डोळे मिटून बसवायचे, त्यामुळे जगातल्या कुठल्याही इंजिनाशी आपली सोयरीक आहे असं त्यांचं ठाम मत होतं. गिरणीचं इंजिन डिझेलवर चालतं आणि त्याला प्लग नावाची वस्तूच नसते, ही गोष्ट मला पुढे कॉलेजात कळली. बाबांना ती तेव्हाही ठाऊक असणार, पण त्यांनी कधी तसं जाणवू दिलं नाही. साहेबांनी गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तकही दिलं होतं, त्यात गाडीच्या पोटातली चित्रं होती. चित्रं बाबा वाचायचे आणि अक्षरं मी. मी तेव्हा बारावीला होते, रोज एस्टीने पोंभुर्ण्याला जायचे, आणि घरात इंग्रजी येणारं दुसरं कोणी नव्हतं.

त्या माघात मला पाहायला वरोऱ्याचे पाहुणे येणार असं ठरलं. कापसाच्या व्यापारातलं घर, मुलगा एकुलता एक, आणि मुलाच्या वडिलांना आमच्याकडे गाडी आहे हे कुठूनसं कळलेलं. मला चंद्रपूरला वसतिगृहात राहून बी.एस्सी. करायचं होतं. तसं मी बाबांना दोनदा बोलले होते. पहिल्या वेळी ते म्हणाले, "पाहू." दुसऱ्या वेळी म्हणाले, "पाहुणे तर येऊन जाऊ दे." आमच्या घरात 'पाहू' म्हणजे नकार नसायचा, पण होकारही नसायचा. महिनाभरावर परीक्षा होती. पाहुण्यांनी पसंत केलं तर परीक्षेनंतर लग्न, नाही केलं तर चंद्रपूर, इतका साधा हिशेब माझ्यापुढे होता. मी देवाला रोज सांगायचे की मी त्यांना आवडू नये, आणि मग आरशात पाहून वाईट वाटून घ्यायचे की समजा खरंच नाही आवडले तर!

अडचण अशी होती की गाडी चढावर दम टाकायची. सपाटीला बरी चालायची, चढ आला की गचके देत थांबू म्हणायची. बाबांनी ठरवलं होतं की पाहुण्यांना परतताना पोंभुर्ण्याच्या स्टँडपर्यंत गाडीतून सोडायचं, आणि वाटेत तलावाच्या पाळीचा चढ होता. मूलच्या मिस्त्रीला बोलवावं तर त्याने मागच्या खेपेला गाडीला खटारा म्हटलं होतं आणि बाबांनी ते मनावर घेतलं होतं. ते स्वतः चंद्रपूरला जाऊन चार नवे प्लग आणि एक प्लगपाना घेऊन आले. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सकाळीच गाडी गोठ्याबाहेर उन्हात ढकलली, कोंबड्या हाकलल्या, बॉनेट उघडलं आणि मला हाक मारली, "कुसुम, पुस्तक आण बाई. आज ऑपरेशन आहे."

पुस्तकात लिहिलं होतं की प्लग एका वेळी एकच काढावा, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. मी तसं वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "ते साहेबलोकायसाठी लिहिलं आहे," आणि त्यांनी चारही काढले, कारण त्यांना चारही एका ओळीत ठेवून पाहायचे होते. मग मीच जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि वायरींना बांधल्या, पहिलीला एक गाठ, दुसरीला दोन, अशा चौथीपर्यंत. आमच्या घरी बियाण्याच्या धानाच्या पिशव्या अशाच गाठींवरून ओळखायचे, त्यामुळे बाबांनाही ते पटलं. वैद्याने जीभ पाहावी तसे ते जुने प्लग एकेक उचलून पाहत होते. तीन काजळीने काळे होते आणि एक ओला होता. "ह्या ओल्याचीच सारी बदमाशी," असं म्हणून त्यांनी त्या बिचाऱ्याला तणसात भिरकावून दिलं.

मग नव्या प्लगांच्या टोकातली फट तपासायची होती. पुस्तकात तिचं माप होतं, पण ते मोजायचं हत्यार आमच्याकडे नव्हतं. बाबांनी लोखंड कापायच्या करवतीचं जुनं पातं आणलं, फटीतून सरकवून पाहिलं, एका प्लगचं टोक प्लगपान्याने हळूच ठोकून जवळ आणलं आणि म्हणाले, "झालं." मी पुढे आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. एकदा सहज म्हणून तसल्याच एका पात्याची जाडी मी प्रयोगशाळेत मोजली. ती पुस्तकातल्या मापाला इतकी जवळ निघाली की मला स्वतःचीच जरा लाज वाटली. त्या दिवशी मात्र मी तोंड वाकडं केलं होतं आणि बाबांनी ते पाहिलं होतं.

तेवढ्यात गिरणीवर कोणी धानाची पोती घेऊन आलं. बाबांनी प्लगांच्या भोकांवर फडकं टाकलं, नवे चार प्लग ओळीने सुपात मांडले, सूप ओट्यावर ठेवलं आणि गेले. मी पुस्तक मिटून अभ्यासाला बसले. घरात आत्याबाई होती. आत्याबाई म्हणजे बाबांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली आणि घरातल्या सगळ्या लोखंडाची मालकीण. विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ, पावशी, अडकित्ता, जे काही लोखंडी म्हणून घरात होतं ते वापरून झालं की तिच्या हाताखालून जायचं. धुवायचं, पुसायचं आणि मोहाच्या टोळीचं तेल चोपडून ठेवायचं, म्हणजे गंज चढत नाही. टोळी म्हणजे मोहाची बी. तिचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं. आम्ही त्यातच वडे तळायचो, त्याचेच दिवे लावायचो आणि तेच फुटलेल्या टाचांना लावायचो. त्या दिवशी आत्याबाईने काय केलं ते मी पाहिलं नाही. मी आत बसून मोठ्याने सूत्रं पाठ करत होते.

जेवण झाल्यावर बाबांनी प्लग बसवले. मी पायरीवर बसून वाचत होते, "आधी प्लग हाताने अलगद फिरवावा, जोर करू नये." बाबा खुशीत म्हणाले, "जोर कायले लागते? पाह्य, लोण्यासारखा जाऊन राह्यला! कंपनीनं तेल लावूनच पाठवला आहे." चारही प्लग लोण्यासारखे गेले. गाठी मोजून मी वायरी सांगितल्या, त्यांनी लावल्या. चालू करून पाहू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "बॅटरीत जीव कमी आहे. उद्यासाठी राखून ठेवू." आज माझ्या भाच्याच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर आत एक काळं झाकण दिसतं आणि त्यावर हात लावू नका असं लिहिलेलं असतं. दुरुस्तीवाला पोरगा मोबाइलसारखं काहीतरी जोडतो आणि गाडी स्वतःच आपलं दुखणं सांगते. हे फार सोयीचं आहे यात शंका नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे दुपारी आले. मुलगा, त्याचे वडील, आणि ही सोयरीक सुचवणारे आमच्याच गावचे गुरुजी. मुलाचे वडील अंगाने भारी, बोटात तीन अंगठ्या, आणि बसल्याबसल्या घराची कौलं मोजल्यासारखे वर पाहत होते. पोहे झाले, वडे झाले, सेवयांची खीर झाली. मला मायची मोरपंखी साडी नेसवली होती, ती मला अंगठ्यापर्यंत झाकत होती आणि तरी मला सगळीकडून उघडं पडल्यासारखं वाटत होतं. मला विचारलं, स्वयंपाक येते का? येते. शिवण? थोडं. किती शिकली? बारावी. मुलगा पूर्ण वेळ स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. माझी फेरी दहा मिनिटांत आटोपली आणि मी आत आले. मग मुलाचे वडील म्हणाले, "चला नामदेवभाऊ, आता तुमची गाडी तर दाखवा." गाडीला मात्र त्यांनी अर्धा तास दिला. टायर दाबले, दार उघडून लावून पाहिलं, आत बसून सीट पारखली.

आणि मग गाडी सुरू होईना. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होते. इंजिन घरघरायचं, एकदा खोकायचं आणि गप्प व्हायचं. पुन्हा घरघरायचं. शेवटी बॅटरीनेही हात टेकले. मग सगळे ढकलायला लागले, बाबा आत, बाहेर गुरुजी, मुलगा, शेजारचे दोघे. अंगठ्यावाले ढकलत नव्हते, दिशा सांगत होते. एकदा दोन फटाक्यांसारखे आवाज झाले, मागून पांढरा धूर आला, आणि साऱ्या अंगणात वडे तळल्याचा वास पसरला. अंगठ्यावाले म्हणाले, "अजून वडे होऊन राह्यले काय? आता पोटात जागा नाई आमच्या." मायनं चमकून चुलीकडे पाहिलं. चुलीवर काही नव्हतं. मी आत्याबाईकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "मी लावलं ना तेल त्या लोखंडाले. नवंकोरं लोखंड, पाहुणे येनार, अन् कोरडं ठेवाचं काय?" एकेक प्लग तिने आतबाहेरून बोटाने नीट माखला होता, टोकातली फटसुद्धा, आणि त्या तेलात ठिणगीच पडत नव्हती.

मला एका क्षणात सगळं कळलं, आणि आता काय करायचं तेही कळलं. काहीच करायचं नाही. पोंभुर्ण्याहून सुटणारी पाच वाजताची शेवटची एस्टी चुकली की पाहुण्यांना बैलगाडीतून हादरे खात मूलपर्यंत जावं लागणार, अंगठ्यावाले चिडणार, आणि स्थळ आपोआप मोडणार. मला नुसतं तोंड मिटून उभं राहायचं होतं. ही बुद्धी देवानेच दिली असं वाटून मी हात जोडणारही होते. तेवढ्यात बाहेरून बाबांचा आवाज आला, "वायरीत गडबड दिसते. पोरीनं वाचाले चुकलं असन."

मी खूप वेळा विचार केला आहे की त्या वेळी बापाची फजिती पाहवेना म्हणून मी बाहेर गेले, असं लिहावं. वाचणाऱ्यांनाही ते बरं वाटलं असतं. पण खरं कारण ते नव्हतं. मी चुकले असं त्यांनी चारचौघांत म्हटलं, हे मला सहन झालं नाही. बोर्डाच्या परीक्षेत इंग्रजीचा पेपर कोरा सोडला असता तरी चाललं असतं, पण हे नाही. मायनं दंडाला धरलं, "कुठी जातं? पाहुणे आहेत ना वो बाहेर!" मी पदर खोचला, चुलीतला निखारा फावड्यावर घेतला आणि अंगणात गेले.

"बाबा, मी बरोबर वाचलं," मी म्हटलं, "आत्याबाईनं प्लगाले टोळीचं तेल लावलं." गुरुजी हसले आणि मग खोकले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, घराच्या दाराकडे पाहिलं, आणि प्लगपाना माझ्या हातात दिला. ह्या वेळी मी पुस्तकाप्रमाणे एकेकच प्लग काढला. रॉकेलच्या फडक्याने पुसायचा, निखाऱ्यावर टोक धरून तेल जाळायचं, करवतीच्या पात्याने फट पाहायची आणि परत बसवायचा. बाबा निखाऱ्याला फुंकर घालत होते. दुसऱ्या प्लगला मुलगा जवळ आला, रुमाल पुढे केला आणि हळूच विचारलं, "हा दोन नंबरचा काय?" मी म्हटलं, "हो." त्याने तो पांढऱ्या रुमालात धरून ठेवला, मी वायर बाजूला करेपर्यंत. आमचं एवढंच बोलणं झालं. तो वाईट नव्हता. रुमाल मात्र कायमचा गेला असणार.

चौथा प्लग बसल्यावर पुन्हा गाडी ढकलली. ती दहा पावलांत सुरू झाली आणि एका सुरात चालायला लागली, अजिबात न अडखळता. माझे हात कोपरापर्यंत काळे, मोरपंखी साडीला तेल, आणि मी अशी हसत होते की मायनं दारातूनच कपाळावर हात मारला. अंगठ्यावाल्यांनी मला वरून खालपर्यंत पुन्हा एकदा पाहिलं, आत पाहिलं होतं त्यापेक्षा जास्त लक्ष देऊन, आणि बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "कामाची आहे पोरगी! आता तिले पुढं शिकवाची काई गरज नाई भाऊ. लागते तेवढं सारं येते." बाबा चिंधीने हात पुसत होते. त्यांचे हात फारसे मळलेले नव्हते, पण ते बराच वेळ पुसत राहिले. मग त्यांनी पाहुण्यांना गाडीत बसवलं आणि नेलं. पाळीचा चढ गाडी एका दमात चढल्याचं आम्हाला अंगणातून ऐकू आलं.

आठ दिवसांनी गुरुजी निरोप घेऊन आले. मुलगी पसंत आहे. लग्न साधंच करू. फक्त मुलीबरोबर गाडी द्यावी, नाहीतरी ती गाडी मुलीलाच समजते. मी दाराआड उभी होते आणि मला वाटलं बाबा लगेच हो म्हणतील. गाडी काय, बैलजोडीही दिली असती त्यांनी चांगल्या स्थळासाठी, असं मला वाटायचं. बाबा म्हणाले, "गुरुजी, गाडी भेटणार नाई." गुरुजींनी समजावलं, पाहुण्यांना थोडं खाली आणू म्हणाले, एखादी गाय, एखादं सोन्याचं लेणं. बाबा आपले तेच, "त्याइले सांगा, नामदेवचा जीव गाडीत आहे."

गाव पोट धरून हसलं. मुलगी द्यायला तयार आहे आणि खटारा द्यायला तयार नाही, असला बाप कोणी पाहिला नव्हता. गिरणीवर येणारी बाई-माणसं बाबांना विचारायची, "काय गा नामदेवभाऊ, बायको जुनी झाली म्हणून गाडीवर जीव बसला काय?" बाबाही हसायचे. मला चंद्रपूरला जायला मिळणार होतं. मी परीक्षा दिली, बरे गुण मिळाले, आणि तरीही मला फार वाईट वाटत होतं. अंधार पडला की मी गोठ्याकडे तोंड करून रडले आहे. बापाला आपल्यापेक्षा एक लोखंडी डबा प्यारा आहे आणि त्या डब्याच्या कृपेने आपण सुटलो, हे गिळायला मला कठीण गेलं. त्या चार महिन्यांत मी त्यांना पुस्तक वाचून दाखवलं नाही. त्यांनीही मागितलं नाही.

जूनमध्ये एक दिवस मी पोंभुर्ण्याहून आले तर गोठ्यात तणसाचा ढीग मध्यावर आला होता आणि बैल ऐसपैस बसले होते. माय म्हणाली, मूलचा मिस्त्री गाडी घेऊन गेला. तोच खटारा म्हणणारा. मी आत जाऊन पेटी भरायला घेतली. दोन दिवसांनी बाबा आणि मी माझी पेटी घेऊन एस्टीने चंद्रपूरला निघालो. एस्टी भरलेली होती, पेटी आमच्या गुडघ्यांवर होती, आणि माझ्या प्रवेशाचे पैसे बाबांनी बंडीच्या आतल्या खिशात टाचणी लावून ठेवले होते. मधूनमधून ते तिथे हात लावून पाहत होते. पाळीचा चढ आला तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाबा, गाडी विकाचीच होती, तर त्याइले काऊन नाई देल्ली?"

बाबा खिडकीबाहेर पाहत होते. म्हणाले, "बरं झालं बाई, त्याइनं गाडी मांगतली. नाई मांगतली असती, तर कोनतं कारन सांगतलं असतं मी?"